डॅलसच्या केनेडी-हत्या परिषदेला जायचं असेल तर

दर नोव्हेंबरला २२ तारखेच्या आसपास डॅलसमधल्या एखाद्या हॉटेलच्या सभागृहात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येचा अभ्यास करणारी माणसं जमतात. त्यात वकील असतात, डॉक्टर असतात, निवृत्त पोलीस आणि शिक्षक असतात, आणि दिवसा नोकरी करून रात्री कागद वाचणारी साधी माणसं तर भरपूर असतात. मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. उभी नोकरी सातारा जिल्ह्यात शेतांच्या मोजण्या करण्यात गेली. मुलगी आणि जावई टेक्सासात डॅलसलगतच्या अर्व्हिंगला राहतात, म्हणून आम्हा दोघांचा हिवाळ्यातला मुक्काम तिकडे असतो आणि या परिषदांना जाणं जमतं. ओळखीतले बरेच जण विचारतात, आम्हालाही यायचंय, तयारी काय करू? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक सांगतो. ‘खून कुणी केला’ हे ऐकायला जाऊ नका. ते सांगणारे दहा जण भेटतील आणि दहा उत्तरं घेऊन तुम्ही घरी याल. एकच छोटा प्रश्न घेऊन जा, आणि त्या प्रश्नाचा मूळ कागद कुठे आहे, तो कुणी केला, कधी केला, त्यावर सही कुणाची, एवढं शिकून या. मोजणीच्या वादात आम्ही हेच करायचो. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं आणि मग म्हणायचं, टिपण काढा, म्हणजे मूळ मोजणीची नोंद.

अशी परिषद साठ वर्षांनंतरही का भरते, हे समजून घेतल्याशिवाय तिथली माणसं समजणार नाहीत. २२ नोव्हेंबर १९६३, शुक्रवार, दुपारी साडेबाराला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. संशयित ली हार्वी ओस्वाल्डला त्याच दुपारी टेक्सास थिएटर या सिनेमागृहात पकडलं. रविवारी, २४ तारखेला, डॅलस पोलीस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रूबी या नाइटक्लबवाल्याने त्याला गोळी घातली आणि तो मेला. त्यामुळे खटला चाललाच नाही. साक्षीदारांची उलटतपासणी नाही, पुराव्यावर बचावाच्या वकिलाचा आक्षेप नाही, न्यायाधीशाचं निकालपत्र नाही. त्या जागी आला हत्येच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या वॉरन आयोगाचा अहवाल, सप्टेंबर १९६४ मध्ये, ८८८ पानांचा. आणि दोन महिन्यांनी साक्षी-पुराव्यांचे २६ खंड. या खंडांना विषयवार सूचीच नव्हती. न्यूयॉर्कमध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नोकरी करणाऱ्या सिल्व्हिया मेगर या बाईंनी ती स्वतः तयार केली आणि १९६६ मध्ये छापली. मेरीलँडमध्ये कोंबड्या पाळणारे हॅरॉल्ड वाइसबर्ग माहितीच्या अधिकाराखाली सरकारशी वर्षानुवर्षं कोर्टात लढले. डॅलसमधल्या मेरी फेरेल वकिलाच्या कार्यालयात सेक्रेटरी होत्या. त्यांनी घरी जमवलेला संग्रह आज हजारो लोक वापरतात. कोर्टात व्हायची ती उलटतपासणी या लोकांनी अंगावर घेतली. परिषद म्हणजे त्यांच्या मागे आलेल्यांचं एकत्र बसणं आहे. या आदराने आत जा.

कोणती परिषद निवडायची? डॅलसमध्ये दोन नावं प्रामुख्याने ऐकू येतील. जेएफके लान्सर ही मंडळी ‘नोव्हेंबर इन डॅलस’ भरवत आली आहेत. दुसरी ‘सिटिझन्स अगेन्स्ट पोलिटिकल असॅसिनेशन्स’, तिला सगळे कापा म्हणतात. पिट्सबर्गचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. सिरिल वेक्ट तिच्या स्थापनेमागे होते. अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने सत्तरच्या दशकात नऊ तज्ज्ञांचं वैद्यकीय मंडळ नेमलं होतं, त्यात एकट्याने विरोधी मत नोंदवणारे ते हेच. २०२४ मध्ये ते वारले. नाव पाहून परिषद निवडू नका, कार्यक्रमपत्रिका पाहून निवडा. वक्त्यांपैकी किती जण नव्या कागदांवर बोलणार आहेत, किती जण आपलं जुनंच पुस्तक सांगणार आहेत, हे विषयांच्या नावांवरूनही बरंच कळतं. पत्रिकेत ‘अंतिम सत्य’ छापाची व्याख्यानं जास्त असतील तर मी पैसे भरत नाही.

भारतातून केवळ एवढ्यासाठी उठून जावं असं मी म्हणणार नाही. मुलाबाळांकडे जाणार असाल तर तारखा जुळवा. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येतं, म्हणजे २२ ते २८ च्या दरम्यान, आणि त्या आठवड्यात अमेरिकेत विमानभाडं चढतं. परिषद ठरली की तिकीट लगेच काढा. ज्यांना जाणं शक्य नाही त्यांनी ऑनलाइन नोंदणीची सोय आहे का ते पाहावं. नोव्हेंबरात डॅलस आपल्या साडेअकरा तास मागे असतं, म्हणजे तिथली सकाळी नऊची सत्रं आपल्याकडे रात्री साडेआठला लागतात. जेवून निवांत बसता येतं.

अभ्यास किती करून जायचा?

पुस्तकांच्या ढिगात शिरू नका. दोनच सरकारी कागद वाचा आणि दोन्ही फुकट मिळतात. पहिला वॉरन आयोगाचा अहवाल. तो सगळा नको, प्रकरण ३ वाचा, गोळ्या कुठून आल्या त्याबद्दलचं. दुसरा संसदेच्या त्या चौकशी समितीचा १९७९ चा अहवाल. पहिला म्हणतो, ओस्वाल्डने एकट्याने तीन गोळ्या झाडल्या. दुसरा म्हणतो, ओस्वाल्डने तीन झाडल्या हे खरं, पण चौथीही झाडली गेली आणि म्हणून बहुधा कट होता. हा चौथ्या गोळीचा निष्कर्ष पोलिसांच्या रेडिओ ध्वनिमुद्रणावर उभा होता, आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने तो खोडून काढला. एकाच देशाचे दोन सरकारी अहवाल एकमेकांशी जुळत नाहीत. हे स्वतः वाचलं की तुम्ही कुणाच्याही व्याख्यानाने वाहून जात नाही.

त्याबरोबर थोडं गणित करून जा. वही-पेन घ्या. अब्राहम झाप्रुडर या कपडे बनवणाऱ्या व्यापाऱ्याने घरगुती कॅमेऱ्याने जी २६ सेकंदांची फिल्म घेतली, ती सेकंदाला १८.३ चौकटी या वेगाने धावत होती. बंदुकीचा बोल्ट ओढून पुन्हा गोळी झाडायला आयोगाच्या चाचणीत किमान २.३ सेकंद लागली, म्हणजे ४२ चौकटी. ओस्वाल्ड कामाला होता त्या पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून पाहिलं तर ओकच्या झाडाआडून केनेडी मोकळे दिसतात ते चौकट २१० ला. २२५ ला ते फिल्ममध्ये रस्त्याच्या फलकामागून बाहेर येतात तेव्हा त्यांना लागलेलं दिसतं. पुढच्या आसनावरचे गव्हर्नर कॉनली २४० पर्यंत जखमी झालेले होते असं आयोग धरतो. २१० ते २४० म्हणजे तीसच चौकटी. एका बंदुकीला दोन गोळ्यांसाठी वेळ पुरत नाही. म्हणून एकच गोळी दोघांना लागली, किंवा बंदुका दोन होत्या. कॉनली स्वतः शेवटपर्यंत म्हणत राहिले की आपल्याला लागलेली गोळी वेगळी होती. परिषदेतल्या निम्म्या भांडणांचं मूळ या बेरीज-वजाबाकीत आहे. घरी एकदा करून पाहिली तर सभागृहात पहिल्या तासालाच तुम्हाला सगळं उलगडू लागेल.

हे झालं की आपला प्रश्न ठरवा. तो तुमच्या कामधंद्यातून आलेला असला तर उत्तम. परिचारिका असाल तर केनेडींना नेलं त्या पार्कलंड रुग्णालयातल्या नोंदी बघा. टेलिफोन खात्यात होतात तर मेक्सिको सिटीतल्या फोन-टॅपिंगचे कागद आहेत. ओस्वाल्ड हत्येच्या दोन महिने आधी तिथे गेला होता. माझा प्रश्न मोजणीचा. मे १९६४ मध्ये आयोगाने घटनास्थळी पुन्हा गाडी फिरवून मोजमाप घेतलं, तेव्हा नकाशा केला तो डॅलस काउंटीचे सर्व्हेअर रॉबर्ट वेस्ट यांनी. तो नकाशा पुराव्यात आहे. त्यातली अंतरं आणि कोन कुठल्या बिंदूपासून घेतले, हा माझा विषय. त्याहून मोठं काही मी विचारत नाही, आणि एवढ्यावरही तिथल्या जाणत्या लोकांशी तासन्‌तास बोलणं होतं.

नोंदणी लवकर करा, लवकर करणाऱ्याला बहुधा सवलत असते. परिषदेच्या हॉटेलात ठरावीक खोल्या कमी दरात राखून ठेवलेल्या असतात, त्या आधी संपतात. नातेवाईक जवळ असले तरी एक रात्र तरी हॉटेलातच राहा, कारण खरं बोलणं रात्री लॉबीत होतं. शेवटच्या रात्रीचं मेजवानीचं तिकीट काढणार असाल तर अर्जात शाकाहारी म्हणून खूण करायची, नाहीतर कोशिंबिरीवर रात्र काढावी लागते. अर्व्हिंगला मॅकआर्थर बुलेव्हार्डवर आपल्या जेवणाची ददात नाही. जाकीट जवळ ठेवा. सकाळी घाम येतो आणि दुपारी उत्तरेचा वारा सुटला की हुडहुडी भरते. गाडी नसेल तर डार्ट या डॅलसच्या स्थानिक रेल्वेची ऑरेंज लाइन विमानतळावरून अर्व्हिंगमार्गे थेट वेस्ट एंड स्टेशनला येते, आणि तिथून डीली प्लाझा, म्हणजे हत्या झाली ती जागा, चालत पाच-सात मिनिटांवर.

सभागृहात

मुलीने मला विचारलं होतं, “बाबा, तिथे सगळे कारस्थानवालेच असतील ना?” बहुसंख्य लोक ओस्वाल्ड एकटा होता हे मानत नाहीत, हे खरं. त्यांना सीटी (कॉन्स्पिरसी थिअरिस्ट) म्हणतात, आणि एकट्या ओस्वाल्डला दोषी मानणाऱ्यांना एलएन (लोन नटर). पण दोन्हींत कागद वाचणारे आहेत आणि दोन्हींत नुसते आवाज चढवणारे आहेत. तुम्ही कोणत्या बाजूचे, असं चहाच्या रांगेतच कुणीतरी विचारेल. “मी अजून वाचतोय” हे उत्तर तिथे मानाने घेतलं जातं. कुणालाही तोंडावर ‘कॉन्स्पिरसीवाला’ म्हणू नका. ज्यांनी वीस-तीस वर्षं घातली आहेत त्यांना तो शब्द लागतो.

पुढच्या रांगांत बसा, पडदा स्पष्ट दिसला पाहिजे. वक्ता कागदाचं चित्र पडद्यावर टाकतो आणि मजकुराकडे बोट दाखवून बोलू लागतो. सगळे मजकूर वाचतात. तुम्ही आधी नंबर उतरवा. हत्येचे सरकारी कागद गोळा करून खुले करण्याच्या १९९२ च्या कायद्याखाली जमा झालेल्या बहुतेक कागदांना एक ओळखपत्र जोडलेलं असतं, रेकॉर्ड आयडेंटिफिकेशन फॉर्म. सगळे त्याला रिफ म्हणतात. त्यावर तेरा आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे खातं सांगतात: १०४ म्हणजे सीआयए, १२४ म्हणजे एफबीआय, १८० म्हणजे संसदेची ती चौकशी समिती. खाली कुणाकडून, कुणाला, तारीख, पानं किती, आणि तो पूर्ण उघडला की काही भाग झाकला, हे सगळं. सातबाऱ्यावर गट नंबर आणि फेरफार नंबर पाहिल्याशिवाय आपण नाव वाचत नाही, तसंच हे. नंबर हातात असला की रात्री खोलीत बसून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या किंवा मेरी फेरेल फाउंडेशनच्या संकेतस्थळावर तो कागद स्वतः उघडता येतो. तेव्हा कळतं की वक्त्याने दाखवलेल्या परिच्छेदाच्या वर आणि खाली काय लिहिलं होतं.

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एक तरुण वक्ता मोठ्या उत्साहाने एक टिपण दाखवत होता. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला आणि एवढंच विचारलं, “हे कार्बन कॉपी आहे की मूळ? कोपऱ्यातला शिक्का मिळाल्याचा आहे की पाठवल्याचा?” पोरगा थांबला. त्याने चित्र मोठं केलं. शिक्का मिळाल्याचा होता आणि तारीख टिपणाच्या तारखेनंतर बऱ्याच दिवसांची. म्हणजे ज्या अधिकाऱ्याला ‘हत्येपूर्वीच माहीत होतं’ असं तो म्हणत होता, त्याच्या टेबलावर कागद हत्येनंतर पोचला होता. बाईंनी विजयी चेहरा वगैरे केला नाही. सत्र संपल्यावर त्या पोराला शेजारी बसवून शिक्के कसे वाचायचे ते दाखवत होत्या. मी माझी खुर्ची त्यांच्या मागे सरकवली आणि ऐकत राहिलो. अशा माणसांच्या जवळ बसायला मिळावं म्हणून नोंदणीचे पैसे द्यायचे.

वहीत मी पानावर तीन रकाने आखतो. पहिल्यात वक्ता काय म्हणाला, दुसऱ्यात त्याने दिलेला नंबर किंवा पान, तिसरा रिकामा. तिसरा रकाना घरी गेल्यावर भरायचा, स्वतः कागद पाहून. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता आलं नाही तर त्या व्याख्यानाची किंमत तिथेच कळते.

प्रश्न विचारायला माइकपाशी रांग लागते. एक वाक्य, एक प्रश्न. आधी वहीत लिहून घ्या आणि वाचून दाखवा. आपल्याकडच्या सभांत प्रश्नाच्या नावाखाली भाषण करायची सवय असते, ती तिथे मुळीच चालत नाही. इंग्रजीची धास्ती बाळगू नका. मुद्द्याचा प्रश्न असेल तर उच्चाराकडे कुणी पाहत नाही.

एक सूचना मनापासून करतो. वैद्यकीय सत्रात शवविच्छेदनाची छायाचित्रं दाखवतात, कधी आधी न सांगता. झाप्रुडर फिल्ममधली ३१३ वी चौकट, ज्यात डोक्याला गोळी लागते, ती तर पुन्हा पुन्हा दिसते. मन घट्ट नसेल तर दाराजवळ बसा आणि उठून बाहेर जा, त्यात काही कमीपणा नाही. शेजारी बसलेली पत्नी आहे त्या चौकटीत. एवढी वर्षं या विषयात असलेले लोकही त्या वेळी गप्प होतात. आणि त्याच दुपारी ऑफिसर टिपिट नावाचा पोलीस रस्त्यात मारला गेला, ३९ वर्षांचा, तीन मुलांचा बाप. बोलण्याच्या ओघात त्याला ‘टिपिट प्रकरण’ म्हणू नका. श्रोत्यांत कुणाचं नातं असेल सांगता येत नाही.

त्या काळचे साक्षीदार आता थोडेच उरले आहेत. कधी एखादे परिषदेला येतात. त्यांना गाठून तपास सुरू करू नका. नमस्कार करा, आलात म्हणून आभार माना, फोटो विचारून काढा. त्यांनी जबानी दिलेली आहे, ती छापील आहे. आधी ती वाचा.

पुस्तकांच्या टेबलांवर पहिल्या दिवशी काही घेऊ नका. दोन दिवस ऐकल्यावर कोण कागदाला धरून बोलतं ते कळतं, मग त्याचं घ्या. मागे टिपा आणि सूची आहे का, हे पान उलटून पाहिल्याशिवाय तर नाहीच.

भारतीय चेहरा दिसला की गांधीजींबद्दल विचारतात. आपण मराठी, तेव्हा याचं उत्तर आपल्याला यायलाच हवं. ३० जानेवारी १९४८, बिर्ला हाउस. दहा दिवस आधी, २० तारखेला, त्याच ठिकाणी स्फोट झाला होता आणि मदनलाल पाहवा पकडला गेला होता. तरी पुढचं टळलं नाही. नथुराम गोडसे जागीच पकडला गेला, लाल किल्ल्यात खटला चालला, १५ नोव्हेंबर १९४९ ला गोडसे आणि आपटे यांना अंबाल्यात फाशी झाली. तरीही प्रश्न उरले, आणि ते उरले पुण्यात. नोव्हेंबर १९६४ मध्ये, म्हणजे वॉरन अहवालानंतर दोन महिन्यांच्या आत, पुण्यातल्या एका कार्यक्रमात लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर म्हणाले की गांधीहत्येच्या बेताची कल्पना आपल्याला आधी होती. त्यावरून गदारोळ झाला आणि पुढे न्यायमूर्ती कपूर यांचा आयोग १९६६ मध्ये बसला; अहवाल १९६९ चा. डॅलसच्या लोकांना हे सांगितलं की ते वहीत लिहून घेतात, खंड कुठे मिळतील विचारतात. मला दर वेळी वाटतं, आपल्याकडे पुण्यात किंवा मुंबईत कपूर अहवाल पुढ्यात घेऊन पानापानावर बोलणारी अशी बैठक दर वर्षी का भरू नये? त्या विषयावर आपण घोषणा देतो, कागद उघडत नाही. खटला चालला की काम संपलं असं नसतं.

डीली प्लाझा

परिषदेआधी एक सकाळ यासाठी मोकळी ठेवा, म्हणजे व्याख्यानातली ठिकाणं डोळ्यांसमोर येतात. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण म्हणतो, एवढंसंच? जागा खरंच लहान आहे. ह्यूस्टन आणि एल्म रस्त्यांच्या कोपऱ्यावर उभे राहा, पाठीशी ती लाल विटांची इमारत, पूर्वीचं पुस्तकांचं गोदाम. गाड्यांचा ताफा ह्यूस्टनवरून आला आणि इथे काटकोनाहूनही तीव्र वळण घेऊन डावीकडे एल्मवर उतरला. उतरला म्हणतो, कारण रस्ता उताराचा आहे. आयोगाने तो ३ अंश ९ मिनिटं धरला आहे. पायांना जाणवतो. उजव्या हाताच्या पदपथाने सावकाश खाली चाला. काँक्रीटचा चौथरा दिसेल, झाप्रुडर त्यावर उभे होते. पुढे हिरवळीचा चढ आणि वरती लाकडी कुंपण. चौथी गोळी कुंपणामागून आली असं म्हणणाऱ्यांची ती जागा.

खिडकीपासून ३१३ व्या चौकटीच्या ठिकाणापर्यंतचं तिरकं अंतर आयोगाने २६५.३ फूट दिलं आहे. आमची जुनी साखळी ३३ फुटी, सोळा आण्यांची. आठ साखळ्या आणि वर सव्वा फूट. शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावरचा माणूस ओळखू यावा एवढंच ते. पुस्तकात आकडा वाचून हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. तिथे उभं राहून वर पाहिलं तेव्हा शिरलं.

पण मोजणीच्या माणसाने सांगायलाच हवं: आजची जागा १९६३ ची नाही. ओकचं झाड वाढलं आहे. झाप्रुडरच्या फिल्ममध्ये केनेडींना क्षणभर झाकणारा रस्त्याचा फलक आता तिथे नाही. रस्त्यावर रंगवलेल्या फुल्या कुणा हौशी लोकांच्या आहेत, सरकारी मोजणीच्या खुणा नव्हेत. त्यांवर भरवसा ठेवून अंतरं काढू नका. आणि त्यांच्यावर उभं राहून फोटो काढायला रस्त्यात धावू नका. एल्म हा वाहता रस्ता आहे, गाड्या उतारावरून वेगाने येतात. तुमच्याशी बोलायला येणारे फिरते विक्रेते वर्तमानपत्रासारखं काहीतरी हातात देतात आणि पैसे मागतात. नको असेल तर हात जोडून पुढे चला.

सहाव्या मजल्यावरच्या संग्रहालयाचं तिकीट वेळ ठरवून मिळतं, २२ च्या आसपास गर्दी असते, म्हणून आधी काढा. तो आग्नेय कोपरा काचेआड आहे, खोकी रचलेली. त्या खिडकीतून पाहता येत नाही, पण शेजारच्या खिडक्यांतून एल्म रस्ता दिसतो. तिथे वाचनकक्षही आहे, त्याला वेळ आधी मागावी लागते.

२२ तारखेला दुपारी साडेबाराला प्लाझात लोक शांत उभे राहतात. त्या वेळी तिथे असा. फोन खिशात ठेवा.

आणि अर्व्हिंगचं रूथ पेन यांचं घर चुकवू नका. पश्चिम पाचव्या रस्त्यावरचं साधं बैठं घर, आता शहराच्या ताब्यात संग्रहालय म्हणून आहे. आधी वेळ ठरवूनच जाता येतं. ओस्वाल्डची बायको-मुलं तिथे राहत होती. हत्येच्या आदल्या रात्री तो तिथेच झोपला. बंदूक गॅरेजमध्ये घोंगडीत गुंडाळलेली असायची. सकाळी निघताना त्याने लग्नाची अंगठी एका कपात ठेवली आणि शेजारच्या मुलाच्या गाडीतून कामावर गेला. अर्व्हिंगमध्ये आपले इतके लोक राहतात, रोज त्या भागातून गाड्या नेतात, आणि घर कुठे आहे हे ठाऊक नसतं. याच अर्व्हिंगमध्ये जेफरसन पार्कात गांधीजींचा पुतळा आहे. मी पाहुण्यांना दोन्ही ठिकाणी एकाच दिवशी नेतो.

परत आल्यावर

आठवडाभराच्या आत तिसरा रकाना भरायला बसा, उशीर केला की अक्षरही लागत नाही. सगळं नको, आपल्या प्रश्नाशी जुळणाऱ्या दोन-तीनच नोंदी घ्या. नंबर चुकीचा निघाला, किंवा कागदात वेगळंच लिहिलेलं दिसलं, तर वक्त्याला सभ्य पत्र लिहा, पानासकट. गंभीर माणसं उत्तर देतात आणि दुरुस्तीही करतात.

मार्च २०२५ मध्ये सुमारे ८०,००० पानं खुली झाली. त्यांत जिवंत माणसांचे सोशल सिक्युरिटी क्रमांकही उघडे पडले होते. अशी पानं ग्रुपवर पाठवू नका, त्या माणसांचा काही दोष नाही. नवीन म्हणून मिरवलेलं बरंचसं आधीही उपलब्ध होतं, फक्त चार-दोन ओळी झाकलेल्या होत्या. जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवून काय उघडलं तेवढंच वाचायचं. बसल्या जागी, भारतातूनही करता येण्यासारखं हे काम आहे आणि करणारे हात कमी आहेत.

कागद प्रत्यक्ष पाहायचा असेल तर वॉशिंग्टनजवळ मेरीलँडमध्ये कॉलेज पार्क इथे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. पासपोर्ट दाखवून वाचकाचं कार्ड काढता येतं. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिलच चालते. जाण्याआधी रिफ नंबरांची यादी ईमेलने पाठवून ठेवा, म्हणजे कोणती खोकी काढायची ते त्यांना कळतं. वेस्ट यांच्या नकाशासारखं मोठं काही हवं असेल तर तसं वेगळं लिहून विचारा.

आपला प्रश्न ठरला असेल आणि कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल, तर वर सांगितलेलं प्रकरण ३ आज रात्री उघडा. त्यातल्या पहिल्या ज्या तळटीपेवर थांबाल, तो पुरावा २६ खंडांत शोधायला लागा.